वेळेआधी निवृत्ती घेतली, हे कुणाला, कधी आणि कसं सांगायचं

मंगळवारी सकाळी साडेदहाला पंचेचाळिशीतला माणूस रंकाळ्यावर निवांत फिरताना दिसला, की कोल्हापुरात पहिला प्रश्न ठरलेला असतो: "काय, आज सुट्टी काय?" पुढच्या आठवड्यात तोच प्रश्न जरा हळू आवाजात येतो. तिसऱ्या आठवड्यात कुणी विचारत नाही, कारण तोवर गल्लीनं उत्तर स्वतःच ठरवलेलं असतं. बहुतेक वेळा ते तीनपैकी एक असतं: नोकरी गेली, काहीतरी दुखणं निघालं, नाहीतर जमिनीचे पैसे आले. पहिल्या समजुतीचा फटका मुलामुलींच्या स्थळांना बसतो, दुसरीमुळे घरी विचारपूस करायला माणसं येऊ लागतात आणि तिसरीमुळे उसने मागणारे.

बातमी तुम्ही स्वतः, ठरवलेल्या शब्दांत आणि ठरवलेल्या क्रमानं सांगितलीत तर हे तिन्ही टळतं. पैशाचं गणित जमलंय आणि निर्णय पक्का आहे, असं धरून पुढचं सगळं लिहिलं आहे.

कागद हातात येईपर्यंत घराबाहेर बोलू नका

राज्य शासनाच्या सेवेत २० वर्षांची अर्हताकारी, म्हणजे पेन्शनसाठी धरली जाणारी, सेवा झाली की ३ महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती मागता येते. पण नोटीस दिली म्हणजे निवृत्त झालो असं होत नाही. सेवापुस्तकातली एखादी नोंद, रजेचा हिशेब, एखादी जुनी चौकशी यात प्रकरण अडकू शकतं. तोवर पेठेत सगळ्यांना सांगून मोकळे झाला असाल, तर रोज सकाळी डबा घेऊन निघताना प्रत्येकाला खुलासा देत बसावं लागतं. शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीतल्या खासगी कंपनीत धोका वेगळा असतो. बातमी आधी फुटली की वेतनवाढ, बोनस आणि शिल्लक रजेच्या पैशांची बोलणी करताना तुमची बाजू लंगडी पडते.

कार्यमुक्तीच्या पत्रात कोणता शब्द आहे हे नीट वाचा. खासगी नोकरीत बहुतेक वेळा "राजीनामा" असाच शब्द येतो, आणि पन्नाशीच्या आत असाल तर त्यानं फारसं बिघडत नाही. ५५ ते ६० या वयात मात्र तो महत्त्वाचा ठरतो. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ६० च्या आधी पैसे ठेवायचे तर नियत वयोमानानुसार किंवा स्वेच्छेनं निवृत्त झाल्याचा दाखला लागतो, आणि निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून ३ महिन्यांच्या आत खातं उघडावं लागतं. मालक स्वेच्छानिवृत्तीचा शब्द घालायला तयार असेल तर पत्र निघण्याआधीच मागून घ्या. नंतर बदलून मिळणं अवघड असतं.

ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी संपताना सेवेच्या वर्षांवर मिळणाऱ्या रकमेचा, आकडा स्वतः काढून ठेवा. शेवटचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेला १५ नं गुणायचं, २६ नं भागायचं आणि सेवेच्या वर्षांनी गुणायचं. बेरीज ६०,००० आणि सेवा २२ वर्षं असेल तर सुमारे ७ लाख ६१ हजार होतात. हा आकडा नवराबायकोपलीकडे कुणाला सांगायचा नाही. पण तो ठाऊक असला की "चाळीस लाख मिळाले म्हणे" असं कुणी म्हटल्यावर तुमचा चेहरा गोंधळत नाही.

पगाराची स्लिप लागते अशी कामं नोकरीत असतानाच उरका: मुदत विमा, क्रेडिट कार्ड, घरकर्जातला काही बदल. सगळ्यात आधी कुटुंबाचा आरोग्य विमा. ऑफिसचा सामूहिक विमा नोकरीबरोबर संपतो, आणि नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांना ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. सांगण्याच्या विषयात विमा कुठून आला असं वाटेल, पण आईवडिलांचा आणि सासरच्या माणसांचा पहिला प्रश्न पगाराचा नसतो, दवाखान्याचा असतो. त्याला उत्तर नसेल तर बाकीचं कुणी ऐकत नाही.

एकच वाक्य, आणि ते दोघांच्या तोंडी

त्या वाक्यात तीनच गोष्टी हव्यात: निर्णय स्वतःचा आहे, कधीपासूनचा आहे आणि आता दिवस कशात जातो. पंधरा शब्दांच्या आत बसवा. "एप्रिलपासून मी स्वतःहून निवृत्ती घेतली, आता सकाळी शेताकडं आणि दुपारी मुलांचा अभ्यास." यात "स्वतःहून" हा शब्द गाळू नका. तो गाळला की उरलेल्या वाक्याचा अर्थ "काढलं" असाही लावता येतो.

शब्द निवडताना गाव काय ऐकतं याचा विचार करा. सरकारी नोकरी किंवा बँक असेल तर "व्हीआरएस घेतली" हे सगळ्यांना कळतं, आणि २०००-०१ मध्ये सरकारी बँकांतून अनेकांनी ती घेतल्यापासून त्या शब्दाला मान आहे. कारखान्यातल्या माणसानं तोच शब्द वापरला तर मात्र "कंपनीनं माणसं कमी केली असतील" असा अर्थ निघतो. तिथं "मुदतीआधी रिटायर झालो, माझ्या इच्छेनं" हे बरं. "नोकरी सोडली" म्हटलं की लगेच "मग दुसरीकडं कुठं?" येतं. "ब्रेक घेतलाय" म्हटलं की लोक तुमच्यासाठी नोकरी शोधायला लागतात, बायोडाटा मागतात, आणि चार महिन्यांनी त्यांना नाही म्हणताना तुम्हीच खोटे पडता. "घरीच असतो आता" हे तर बोलूच नका. आपल्याकडं घरी बसणं म्हणजे रिकामं असणं, आणि रिकामा माणूस सगळ्यांच्या कामाला येतो.

दिवस कशात जातो हा भाग खरा असला पाहिजे. शेती नसेल तर शेती म्हणू नका. "सकाळी तालमीत पोरांना बघतो", "वडिलांचं सगळं मीच करतो", "मोडी शिकतोय" यातलं जे खरं आहे ते सांगा. अजून काही ठरलं नसेल तर "सहा महिने घराची राहिलेली कामं उरकणार आहे" एवढं पुरतं, कारण आपल्याकडं कुठल्याच घरात कामं संपलेली नसतात.

हे वाक्य नवरा-बायकोनं एकमेकांसमोर मोठ्यानं चार-पाच वेळा म्हणून बघावं. सगळ्यात जास्त गोंधळ इथंच होतो. नवरा कट्ट्यावर सांगतो "रिटायर झालो" आणि बायको भिशीत, संकोचून, सांगते "सध्या रजेवर आहेत". दोन्ही बातम्या संध्याकाळी एकाच घरात पोचतात आणि तिसरीच तयार होते. बायको नोकरी करत असेल तर तिच्या ऑफिसातही विचारणा होणार. "ह्यांनी स्वतःहून निवृत्ती घेतली, मी माझं काम आवडतं म्हणून करते" हे तिचं वाक्यही आधीच ठरवून ठेवा.

क्रम

जोडीदाराला सांगणं म्हणजे बातमी देणं नव्हे, ते निर्णयातच असायला हवं. बाकीच्यांसाठी अंदाजे वेळापत्रक असं: शेवटच्या दिवसाआधी महिनाभर आईवडील, त्याच आठवड्यात सासू-सासरे आणि मुलं, दोन आठवडे आधी भाऊ-बहिणी, ऑफिसातल्या सोबत्यांना नोटीस मंजूर झाल्यावर, शेजारी, तालीम आणि कट्टा यांना शेवटच्या दिवसानंतरच्या पंधरा दिवसांत. एका पातळीवरच्या सगळ्यांना एकाच दिवशी सांगा. भावाला रविवारी सांगितलं आणि इचलकरंजीला दिलेल्या बहिणीला ते बुधवारी भावजयीकडून कळलं, तर त्या दुखाव्याचा निवृत्तीशी संबंध नसतो, पण तो वर्षानुवर्षं निघत राहतो. भेटायला जमत नसेल तर त्याच संध्याकाळी फोन करा. मेसेज नको.

आईवडील

यावर जास्त वेळ द्या. ज्या वडिलांनी साखर कारखान्यात, फाउंड्रीत किंवा एसटीत ५८ पर्यंत हजेरी भरली, त्यांना धडधाकट मुलानं ४८ व्या वर्षी काम थांबवणं पटणं सोपं नाही. त्यांची भीती अडाणीपणाची नाही. पगार थांबला की घराचं काय होतं, हे त्यांनी आजूबाजूला पाहिलेलं असतं.

फोनवर सांगू नका, पाहुण्यांसमोर नको, सणादिवशीही नको. रविवारी जेवण झाल्यावर, पान-सुपारी चालू असताना, दोघांना एकत्र बसवून सांगा. आधी वाक्य, मग एक कागद. त्यावर हातानं तीन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: घरखर्च महिन्याला किती, तो कुठून येणार आणि दवाखान्याची सोय काय. समजा खर्च ४५,००० असेल, तर समोर लिहा: गाळ्याचं भाडं १४,०००, ठेवींचं व्याज १९,०००, म्युच्युअल फंडातून दरमहा काढायचे १२,०००. एकूण शिल्लक लिहू नका. आईवडिलांपासून लपवायचं म्हणून नव्हे. मोठा आकडा कौतुकानं एकदा तोंडातून गेला की परत घेता येत नाही, म्हणून.

"अजून हातपाय चालतात, मग सोडलीस कशाला?" हे येणारच. त्यावर "कंटाळा आला होता" म्हणू नका. त्यांच्या कानाला ते ऐतखाऊपणाचं वाटतं, आणि त्यांनीही चाळीस वर्षं कंटाळा काढलेलाच असतो. "आप्पा, हातपाय चालतात तोवरच घराकडं बघायचं होतं. पैशाची सोय लावूनच सोडलीय, हा कागद तुमच्याकडं ठेवा." कागद खरंच त्यांच्याकडं ठेवा. ते तो दोन-तीनदा वाचतात आणि मग त्यांच्या मित्राला तेच समजावून सांगतात.

आईची अडचण निराळी असते. भजनी मंडळात, देवळाच्या ओवरीत तिला विचारलं जाणार. तिला तिच्या तोंडी बसेल असं वाक्य द्या: "पोरानं आपणहून रिटायरमेंट घेतली, आता आमच्याजवळ असतो." एवढ्यानं ती चारचौघींत अभिमानानं बोलू शकते.

सासर, मुलं आणि स्थळं

सासऱ्यांना सांगताना जोडीदार शेजारी हवाच. आपल्याकडं जावयाची नोकरी हा मुलगी देताना बघितलेला मोठा आधार असतो, त्यामुळं तो आधार कशानं भरून निघाला हे ऐकायचा त्यांना हक्क आहे. "मामा, निर्णय आम्ही दोघांनी मिळून घेतलाय" इथून सुरुवात करा आणि पुढचं तिला बोलू द्या. मेहुणा नंतर बाजूला घेऊन विचारेल, "दाजी, खरं सांगा, काही अडचण हाय काय?" रागावू नका. तो काळजीनं विचारतोय. कागदावरचं तेच त्यालाही सांगा.

दहा-बारा वर्षांच्या मुलांना एकच गोष्ट कळायला हवी: फी, शिकवणी आणि सहल यांत काही कमी होणार नाही. ज्यात खरंच कमी होणार असेल, ते मात्र आधीच सांगा. शाळेच्या फॉर्मवर पालकाच्या व्यवसायापुढं "निवृत्त" लिहायचं, हेही त्यांना सांगून ठेवा. नाहीतर वर्गात बाई विचारतात आणि मूल गप्प बसतं.

घरात लग्नाची मुलगी किंवा मुलगा असेल तर बायोडाटातली एक ओळ फार काम करते. "वडील: निवृत्त" एवढंच लिहिलं आणि वय ५० दिसलं, की मध्यस्थ परस्पर चौकशी करतो, आणि ती चौकशी नेमकी ऑफिसातल्या अर्धवट माहिती असलेल्या माणसाकडं जाते. त्याऐवजी लिहा: "वडील: स्वेच्छानिवृत्त, अमुक पदावरून, २६ वर्षांची सेवा, सध्या शेती." पद, वर्षं आणि सध्याचं काम, तिन्ही हवीत. नोकरी चालू असल्याचं दाखवून बोलणी पुढं नेऊ नका. सुपारी फुटल्यावर हे बाहेर आलं की मुद्दा पैशाचा राहत नाही, शब्दाचा होतो. बैठकीत हा विषय समोरच्यांनी काढायची वाट न बघता पहिल्या दहा मिनिटांत तुम्हीच बोला.

बाईनं मुदतीआधी निवृत्ती घेतली की प्रश्न उलट्या बाजूनं येतात. कुणी चकित होत नाही, सगळे "बरं केलंस, घराकडं बघायला झालं" म्हणतात आणि महिन्याभरात सगळ्या नात्यातली आजारपणं तिच्या वाट्याला येतात. तिच्या वाक्यात दिवसाचा भाग सगळ्यात ठळक हवा: "निवृत्त झाले, सकाळी १० ते १ माझा रियाज असतो." वेळ घड्याळाची सांगितली की ती थोडीफार पाळली जाते.

कारखानदारांचंही थोडं वेगळं आहे. उद्यमनगरातल्या माणसानं मशीनशॉप मुलाच्या किंवा भागीदाराच्या हाती दिलं असेल, तर गिऱ्हाईक, माल देणारे आणि बँक यांना घरच्यांनंतर लगेच, आणि नव्या माणसाला सोबत घेऊन भेटून सांगा. इथं लेखी पत्रही द्या. नुसती कुजबूज झाली की उधारीवर माल देणारे हात आखडतात.

ऑफिस

थोडक्यात. साहेबांना आधी, समोरासमोर, आणि कारण एकाच वाक्यात. सोबत्यांना निरोपाच्या चहाला निर्णयाचे फायदे समजावत बसू नका. त्यातल्या अनेकांच्या डोक्यावर हप्ते असतात आणि ते ऐकणं त्यांना जड जातं. "किती साठवलंस?" हा प्रश्न तिथं खरोखरच्या उत्सुकतेनं येतो. पद्धत सांगायला हरकत नाही, रक्कम नाही.

गल्ली, तालीम, दूध कट्टा

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर धारोष्ण दुधाचा ग्लास हातात असताना लांब उत्तर कुणालाच नको असतं.

"काय भावा, कामावर न्हाईस व्हय?"
"रिटायर झालो की, एप्रिलपासनं. सवताच्या मर्जीनं."
"मग आता?"
"सकाळी आप्पांचं बघतो, दुपारी शेताकडं."

इथं थांबा. पाचवं वाक्य बोलायला गेलं की ते समर्थन वाटतं, आणि समर्थन दिसलं की शंका येते. पहिले दीड-दोन महिने बाहेर पडण्याच्या वेळा ठरलेल्या ठेवा. रोज साधारण त्याच वेळी दिसणारा माणूस कामात आहे, असं गल्ली धरून चालते.

मोकळा माणूस सापडला की सोसायटीचं सेक्रेटरीपद, गणेशोत्सवाची वर्गणी, कुणाच्या तरी सातबाऱ्याची खेप असं सगळं येतं. यातलं एक आवडीनं घ्या आणि तेच नाव बाकीच्यांना सांगा: "यंदा मंडळाचा हिशेब माझ्याकडं आहे, दुसरं घेत नाही."

पैशाचे प्रश्न

"पेन्शन किती बसली?" हा आपल्याकडं निवृत्तीनंतरचा पहिला प्रश्न आहे. खासगी नोकरीत पीएफबरोबर पेन्शन योजनेत १० वर्षं झाली असतील तर ती पेन्शन ५८ व्या वर्षी सुरू होते. ५० नंतर लवकर घेता येते, पण ५८ ला जितकी वर्षं कमी, त्या प्रत्येक वर्षामागं ४ टक्के कपात होते. म्हणून खरं उत्तर असं: "ती अठ्ठावन्नला सुरू होईल, तोवरची सोय लावलीय." "किती मिळाले?" याला "नियमानं बसलं तेवढं, घरखर्चाला बांधून टाकलंय." दुसऱ्यांदा विचारलं तर शब्द न बदलता तेच. शब्द बदलला की आत आणखी काही आहे असं वाटतं.

हातउसने मागणारे साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात येतात. वर्षाला किती द्यायचे हे दोघांनी आधीच ठरवा. एका महिन्याच्या घरखर्चाइतकी रक्कम बहुतेकांना झेपते. ती परत येणार नाही असं समजूनच द्या, आणि संपली की "यंदाचं ठरवलेलं देऊन झालं" म्हणा. त्यापेक्षा मोठी रक्कम द्यायचीच असेल तर बँकेतून द्या आणि लिहून घ्या. उसन्या पैशाच्या वसुलीचा दावा सर्वसाधारणपणे ३ वर्षांच्या आत लावावा लागतो.

जामीन राहायला मात्र स्पष्ट नाही म्हणा. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणं, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. संस्थेनं आधी त्याच्याकडं जावं आणि मगच तुमच्याकडं, असं बंधन नाही. पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवून तुमच्या मालमत्तेपर्यंत येऊ शकते. उत्तर सोपं आणि खरं आहे: "जामीनदार पगारदार लागतो, माझा पगार बंद झालाय." पतसंस्था बहुतेक पगारदारच मागतात, त्यामुळं मागणाऱ्यालाही ते पटतं आणि नात्यात कटुता येत नाही.

महिन्याला ३ टक्के देणारी योजना घेऊन येणारा माणूस बहुधा ओळखीतलाच असतो. ३ टक्के महिन्याला म्हणजे सरळ हिशेबानं वर्षाला ३६ टक्के. बँकेची ठेव याच्या जवळपासही जात नाही. त्याच्याशी वाद घालू नका, "पैशाचं सगळं दोघांच्या सहीनं चालतं" म्हणा, आणि खाती खरोखरच दोघांच्या सहीनं चालतील अशी करून ठेवा.

परत काम सुरू केलंत तर

दोन-तीन वर्षांनी कुणी आठवड्यातून दोन दिवस सल्ल्याला बोलावतं, किंवा कॉलेजात तासिका मिळतात. हे लपवू नका. "शेवटी परत जावं लागलं" अशी बातमी फार लवकर पसरते. क्रम तोच ठेवा, आधी आईवडील. वाक्यही तसंच: "निवृत्तच आहे, बुधवार-गुरुवार दोन तास शिकवायला जातो, आवड म्हणून." आणि खरोखर पैशाची गरज पडून पूर्णवेळ नोकरी धरली असेल तर "आवड म्हणून" हे शब्द काढून टाका. "परत नोकरी धरली, पुढच्या सोमवारपासून" एवढंच सांगा, आणि आप्पांकडं ठेवलेल्या त्या कागदावरचे आकडे त्यांच्यासमोर बसून नव्यानं लिहून द्या.